दुसरे सर वर्गात दिसले, तर थांबा

पत्र असं आहे. थोडं कापून देते:

"बाई, मी बंदराकडच्या वाडीत राहते. मिस्टर मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहेत, मी शेडवर कोळंबी सोलायला जाते. मुलगी यंदा पहिलीत जाईल. वाडीतच नगरपरिषदेची शाळा आहे, घरापासून पाच मिनिटं. चौथीपर्यंत मिळून 17 मुलं. शिक्षक दोन होते. त्यातले सर दिवाळीनंतर कामगिरीवर, म्हणजे तात्पुरते, वरच्या शाळेत गेले ते आलेच नाहीत. आता एकट्या बाई चारही वर्ग बघतात. ती वरची शाळा म्हणजे सड्यावर, डोंगरावरच्या सपाटीवर, नगरपरिषदेचीच दुसरी शाळा आहे. तिथे सेमी इंग्रजी आहे, सातवीपर्यंत वर्ग आहेत, शिष्यवृत्तीला मुलं लागतात, त्यांच्या फोटोंचा बोर्ड गेटवर असतो. पहिलीच्या वर्गात 45 मुलं, तरी प्रवेशाला रांग. मी चौकशीला गेले तर तिथल्या एक मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या वाडीत शाळा आहे ना, मग इथे कशाला?' माझी नणंद सड्यावर भाड्याने राहते. ती म्हणते, माझा पत्ता लाव, मी भाडेकरार देते. दीर म्हणतात, कर्ज काढा पण इंग्लिश मीडियमला घाला. सासूबाई म्हणतात, जवळची शाळा काय वाईट, तुझा नवरा तिथेच शिकला. आणि पाडव्याला शाळेतल्या बाई पेढा घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, 'चौथीची पाच मुलं बाहेर पडतायत. पहिलीला वाडीतली पाच आली तर 17 राहतील, नाहीतर 12. बारावर मी वर काय सांगू? हिला नेऊ नका हो.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रात्रभर झोप नाही. खोटा पत्ता देऊ का? आणि बाईंना सोडून गेले तर पाप लागेल का?"

ताई,

पत्त्याचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवते. बाईंचा कठीण आहे, त्याला वेळ लागेल.

खोटा पत्ता देऊ नका. पाप राहू दे बाजूला, त्याची गरजच नाही. शिक्षणाचा हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यातली अंतराची अट सरकारला घातलेली आहे, तुमच्या मुलीला नाही. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची सोय घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत झाली पाहिजे, आणि ती करून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे तुमच्याकडे नगरपरिषदेचं, काम. मुलाने त्या एका किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकू नये, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम 5 म्हणतं की कुठल्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा मुलाला हक्क आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने त्याला बाहेर ठेवायचं नाही. "मग इथे कशाला?" हे त्या मॅडमनी स्वतःच्या मनाचं विचारलं, कायद्यात तो प्रश्न नाही. जागा कमी असेल तर आजूबाजूच्या मुलांना आधी घेणं समजू शकतं. पण मग तसं लेखी द्या म्हणावं. 'लेखी द्या' एवढं म्हटल्यावर एक बाक जास्तीचा निघालेला मी स्वतः पाहिलाय.

शिवाय खोटा पत्ता एकदा देऊन भागत नाही. आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरा, शाळेच्या ऑनलाइन नोंदीत तिसरा, आणि हे सातवीपर्यंत सांभाळायचं. मुलीला पढवून ठेवावं लागणार, "कुणी विचारलं तर आत्याकडे राहते म्हण." ती सहा वर्षांची आहे. ती पहिल्याच दिवशी बाकावरच्या मैत्रिणीला सगळं सांगून मोकळी होईल, आणि तसंच असावं.

दिरांचं थोडक्यात. कर्ज काढून इंग्लिश मीडियम नको. तुमच्या घरात 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात, आणि फीचा पहिला हप्ता, गणवेश, वह्यापुस्तकं सगळं नेमकं जूनमध्ये येतं. घरी आणलेल्या अभ्यासाला मदत करायला कुणी इंग्रजी वाचणारं नाही, म्हणजे पाठोपाठ शिकवणी आली, तिचा खर्च वेगळा. खासगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा मोफत असतात, ती वाट खरी आहे. मागासवर्गीयांना त्यात उत्पन्नाची अट नाही, इतरांना वर्षाला एक लाखाची मर्यादा आहे. पण तिचे अर्ज ऑनलाइन, फार आधी भरायचे असतात, मग सोडत निघते, आणि तिथे मात्र घर कुठे आहे ते बारकाईने तपासतात. खोटा पत्ता निघाला तर मिळालेला प्रवेश जातो. या मुलीसाठी ती वेळ टळली. घरात धाकटं असेल तर त्याच्या वेळी लक्षात ठेवा. (जाता जाता: फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने या जागा द्यायला नकोत. म्हणजे वाडीत शाळेची इमारत उभी आहे ना, मग झालं. आत शिक्षक किती, ते कुणी विचारायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. तुमचं पत्र वाचताना मला तो नियम आठवला आणि पुन्हा एकदा राग आला.)

आता मुख्य गोष्ट. एकाच नगरपरिषदेच्या दोन शाळा. दोन्हीकडच्या शिक्षकांना एकाच श्रेणीत पगार, दोन्हीकडे बालभारतीचीच पुस्तकं, दुपारची खिचडी सारखीच. तरी एकीसमोर रांग आणि दुसरीतल्या बाईंना पेढा घेऊन दारोदार फिरावं लागतं. हे कशाने होतं?

तुमच्या शहराचं नाव मी छापत नाही, पण छापलं असतं तरी वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते आपलंच वाटलं असतं. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी शहरं अशीच वसली आहेत. खाली खाडी, जेटी, मासळीबाजार आणि दाटीची वाडी. वर जांभ्याचा सडा, त्यावर कचेऱ्या, कर्मचाऱ्यांच्या कॉलन्या आणि आता फ्लॅट. रत्नागिरीसारखं जिल्ह्याचं ठिकाण घेतलं तरी 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 76 हजारांच्या आसपास. मुंबईच्या मानाने हे सगळे हातावर मावणारे गाव. अंतर म्हणाल तर तीन-चार किलोमीटर. पण चढ मोठा आहे, आणि तो नुसता पायांना लागत नाही.

वरच्या शाळेत ज्यांची मुलं गेली त्यात कचेरीतले कारकून आले, नर्सबाई आल्या, दुसऱ्या शाळांतले शिक्षक आले. या लोकांना अर्ज कसा लिहायचा ते माहीत असतं. शिक्षक आठ दिवस आले नाहीत तर कुणाकडे जायचं ते माहीत असतं. नगरसेवक त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. एखाद्या कंपनीने किंवा बँकेने टीव्ही द्यायचा म्हटला, संगणक द्यायचे म्हटले, की पाहुण्यांना न्यायला बरी म्हणून हीच शाळा सुचवली जाते. खालच्या वाडीतली आई पहाटे शेडवर आणि बाप समुद्रात. पालकसभा दुपारी साडेतीनला. तुम्ही यायच्या कशा? घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची ओळ बंदराकडच्या घरालाही असते आणि सड्यावरच्या फ्लॅटलाही. ओरडण्याची ताकद मात्र एकाच बाजूला गोळा झाली आहे.

त्यात पटाचं गणित. 30 सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत त्यावर शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होतात. याला संच मान्यता म्हणतात. शिक्षकांच्या तोंडी सप्टेंबरात हा एकच शब्द असतो. पट घटला की पद जातं, पद गेलं की शिकवणं घसरतं, शिकवणं घसरलं की ज्याला जमेल तो पालक मूल काढतो, आणि पट आणखी घटतो. 'पाडवा, पट वाढवा' म्हणत बाई पेढा घेऊन आल्या त्या या चरकातून सुटायला. गावाकडे तर हे आणखी उघडं दिसतं. तरणी माणसं मुंबईला, वाडीत म्हातारे, आणि कित्येक शाळांचा पट आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांच्या पोरांनी तोलून धरलाय.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी आहे, आणि तुम्ही ती सहज ओघात लिहून गेलात. तुमच्या शाळेतले सर कामगिरीवर गेले, ते वरच्या शाळेत. म्हणजे तुम्ही ज्या शाळेकडे आशेने बघताय, तिच्या चांगुलपणातला एक शिक्षक तुमचाच आहे. वर मुलं वाढली, शिक्षक कमी पडला, तर नवा मागायला वेळ लागतो. खालून उचलला की त्याच दिवशी काम होतं. खाली कोण बोलणार?

तर आता बोला. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर किमान दोन शिक्षक, असं त्याच्या परिशिष्टात आहे. 60 पर्यंत म्हणजे 17 ला दोन आणि 12 लाही दोन. आणि कलम 25 च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की हे प्रमाण राखण्यासाठी, एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कचेरीत काम करायला लावायचं नाही. अपवाद कलम 27 मधले: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. वरच्या शाळेत गर्दी झाली हा त्यात बसत नाही. पद कागदावर खालच्या शाळेत आणि माणूस वर, अशी ही 'कामगिरी' असते. आमच्या वेळी आम्ही तिला 'उसना शिक्षक' म्हणायचो, आणि उसनं नेलेलं कोण आपणहून परत करतं?

आता बाईंकडे येते. इथे मला माझं एक सांगावं लागेल.

1990 च्या दशकात मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवर, दोन शिक्षकांच्या शाळेत होते. पट घसरत चाललेला. एका आईने आपल्या मुलाला भावाकडे, तालुक्याच्या गावी शिकायला पाठवायचं ठरवलं. मी संध्याकाळी तिच्या पडवीत जाऊन बसले. तुमच्या बाई बोलल्या तेच बोलले, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. तिने मुलगा ठेवला. मी तिला सांगितलं नाही ते हे, की माझा विनंती बदलीचा अर्ज आधीच गेलेला होता. सासर लांब, माझं मूल लहान, कारणं खरी होती. पुढच्या जूनमध्ये ऑर्डर आली आणि मी गेले. माझ्या जागी कितीतरी महिने कुणी आलं नाही. पुढे एकदा राजापूरच्या बाजारात ती भेटली. मला वाटलं बोलेल काहीतरी. ती म्हणाली, "बाई, घराजवळची शाळा मिळाली ना? बरं झालं." मुलाचं मी विचारलं. म्हणाली, "नाही लागलं त्याचं डोकं." त्याचं डोकं चांगलं होतं. मला माहीत होतं.

म्हणून सांगते: बाईंसाठी थांबू नका. त्या चांगल्याच असतील, माझ्यापेक्षा प्रामाणिकही असतील. पण त्या नोकरीत आहेत. त्यांची बदली होईल, बाळंतपण येईल, निवडणुकीचं काम लागेल, आणि त्या दिवशी तुमच्या मुलीच्या वर्गात कुणी नसेल. एकट्या शिक्षकाच्या शाळेत बाईंना ताप आला तरी चार वर्ग बंद पडतात. शाळा टिकवायचं ओझं ज्यांनी पद हलवलं त्यांच्यावर आहे, सहा वर्षांच्या पोरीवर नाही. तिला नेलंत तर पाप लागणार नाही.

थांबायचंच तर दुसऱ्या शिक्षकासाठी थांबा. आणि ते सर कागदावर परत आलेले चालायचे नाहीत, वर्गात उभे दिसले पाहिजेत.

कारण तसं झालं तर खालची शाळा मुळीच वाईट सौदा नाही. 17 मुलांमागे दोन शिक्षक! वर 45 मुलं एका वर्गात, आणि कायद्याचं माप तर 30 मुलांमागे एक शिक्षक असं आहे. पहिलीच्या पोराला पेन्सिल धरायला, काना-मात्रा ओळखायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. 45 जणांत ते होत नाही, फोटोंचा बोर्ड कितीही मोठा असो. शिष्यवृत्तीच्या बोर्डावरची मुलं पुष्कळदा घरी शिकवणारं कुणी असलेली असतात, हे मी तीस वर्षं बघितलंय. शाळेचं श्रेय नाही असं नाही, पण सगळं शाळेचं नाही. सेमी इंग्रजीलाही फार भुलू नका. पहिलीत मराठी धड वाचता येऊ लागली की पुढचं इंग्रजी गणित पेलतं. ती कच्ची राहिली तर दोन्ही जातात.

पण हे मी म्हणते म्हणून मानू नका, स्वतः बघा. आता सुट्टी आहे, पोरं घरीच आहेत. वाडीतल्या शाळेतून तिसरी झालेलं एक मूल आणि नणंदेच्या शेजारचं, वरच्या शाळेतून तिसरी झालेलं एक मूल, दोघांना समोर बसवा. एक जुनं दुसरीचं पुस्तक घ्या, मधलं कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, काय झालं गोष्टीत? त्यानंतर हातच्याची एक वजाबाकी घाला, 52 मधून 27. याला शिक्षण लागत नाही, कान लागतात. एकेका मुलावरून सगळं कळतं असं नव्हे, जमलं तर दोन-दोन बघा. पण बोर्डापेक्षा हे बरं.

ते झालं की पहिलीच्या पाचही मुलांच्या आयांना एकत्र बोलवा. दुपारी शेडवरून सुटल्यावर, तिथेच बसून चालेल. एकटीचा अर्ज म्हणजे तक्रार; पाचजणींचा अर्ज म्हणजे पट. सप्टेंबरातल्या त्या गणितात तुम्ही पाचजणी फार महाग आहात, हे ओळखा. नगरपरिषदेच्या शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, प्रत मुख्याधिकाऱ्यांना. लांबण लावू नका. विषय असा लिहा: 'शाळेतील दुसऱ्या शिक्षकांची कामगिरी रद्द करून त्यांना मूळ शाळेत परत पाठवणेबाबत.' खाली एवढंच: आमच्या शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे दोन हवेत, आणि कलम 25(2) प्रमाणे आमच्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवता येत नाही. 15 जूनला शाळा सुरू होते त्याआधी ते परत यावेत. न आल्यास आमची पाचही मुलं आम्ही दुसऱ्या शाळेत घालू. सह्या, अंगठे, तारीख. आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तरी.

कुणी हललं नाही तर कलम 32 आहे: मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत ऐकून निकालात काढायची असते, आणि समाधान झालं नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तीन महिने म्हणजे तुमचं पहिलं सत्र गेलं, ठाऊक आहे. म्हणून त्यावर मुलीला टांगून ठेवू नका. पण तक्रार टाकून ठेवा, बाईंच्या आणि मागे राहिलेल्या 12 मुलांच्या उपयोगी पडेल.

एक कागद शाळेतही मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. तुमच्या शाळेची समिती कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, विचारा. मला वाटतं रजिस्टरमध्ये सह्या निघतील आणि त्या बायकांना आपण सदस्य आहोत हे तुमच्याकडूनच कळेल. असं होतं. आमच्याही शाळेत झालंय.

बाईंना अर्जाचं आधी सांगा. सही मागू नका, त्या अडचणीत येतील. वाचायला मात्र द्या. त्यांनी पेढा आणून जे मागितलं त्यापेक्षा त्यांच्या जास्त कामाचं हे आहे.

आणि याच आठवड्यात वरच्या शाळेतही अर्ज भरून या, खऱ्या पत्त्याचा, जन्मदाखला जोडून. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पण तुमच्याकडे असेलच. अर्ज भरला म्हणजे प्रवेश घेतला असं नाही, त्यात कुणाची फसवणूक नाही. दोन्ही दारं उघडी ठेवायची. विचारून घ्या की पहिलीच्या तुकड्या किती आणि वर्गशिक्षक कोण. "तुमच्या वाडीतले सर" असं उत्तर आलं तर हसू नका.

राहिला चढ. सासूबाई म्हणतील, पूर्वीची मुलं मैलोगणती चालत शाळेत जायची. जायची खरी. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झाले ते, 1875 च्या सुमारास परीक्षेसाठी डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. ही गोष्ट आपण चिकाटीची म्हणून सांगतो. शेवट सांगत नाही. तिथे पोचल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पोर एवढं चालून आलं आणि टेबलामागच्या माणसाने नुसतं बघून परत पाठवलं. मला ती गोष्ट त्या टेबलामागच्या माणसाची वाटते.

तेव्हा सहा वर्षांच्या मुलीने आपल्याकडच्या जुलैच्या पावसात, वर्षाला तीन हजार मिलिमीटर कोसळतो तिथे, तीन किलोमीटर चढून जावं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. जून-जुलै बोटी बंद, मिस्टर घरी. पहिले सहा-सात आठवडे त्यांनीच न्यावं-आणावं. बापाने पोरीला शाळेत सोडायला इतकी चांगली सवड वर्षात पुन्हा मिळत नाही. 1 ऑगस्टला बोटी लागल्या की प्रश्न येईल. वर न्यायची वेळ आलीच तर तोवर त्याच पाचजणींनी मिळून एक रिक्षा ठरवा. एकटीला महिन्याला जे पडेल त्याच्या पाचव्या हिश्श्यात काम होईल, आणि दुपारी आणायला पाळी लावता येईल. नणंदेचा पत्ता नको, पण नणंद हवी. शाळा सुटल्यावर रिक्षा येईपर्यंत मुलगी तिच्याकडे बसेल, पाऊस जोराचा असेल त्या दिवशी तिथेच जेवेल. भाडेकरार द्यायला तयार झालेली बाई एवढं आनंदाने करेल.

खाली राहिलात तरी चौथीनंतर वर जावंच लागणार आहे, वाडीतली शाळा तिथेच संपते. म्हणजे वाद चार वर्षांचा आहे, जन्माचा नाही. मधे कधीही वाटलं की जमत नाही, तर कलम 5 वर सांगितलंय.

15 जूनला सकाळी मुलीला तयार करून आधी वाडीतल्या शाळेत जा. पाचही जणी जा. खिडकीतून बघा. सर फळ्यासमोर उभे असतील तर मुलीला आत बसवा आणि बाईंना नमस्कार सांगा. 'उद्या येतायत', 'ऑर्डर निघालीये' असं काही ऐकू आलं तर मिस्टरांना म्हणावं, रिक्षा चालू ठेवा.